ब्रेड मशीनमधून ब्रेडऐवजी वीट निघते आहे, नेमके काय चुकते आहे?

ओसरी
बाजारच्या ब्रेडच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचून मी एकदा जेवताना कुरकुरले होते. त्याचे फळ म्हणून गेल्या महिन्यात मुलाने ब्रेड करण्याचे यंत्र आणून ओट्यावर ठेवले. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो आणि घरी चार माणसे आहेत, तेव्हा आठवड्याला दोन ब्रेड सहज संपतील असा हिशेब होता.

पहिला ब्रेड पुस्तिकेप्रमाणे मैद्याचा केला आणि तो चांगला झाला. पण मैदाच खायचा असेल तर यंत्र कशाला, म्हणून पुढचे तीन चक्कीवर दळून आणलेल्या गव्हाच्या पिठाचे केले. त्यातला पहिला फुगलाच नाही. भांडे ओट्यावर उपडे केले तेव्हा असा आवाज झाला की बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी काय पडले म्हणून विचारले. पुढच्या वेळी यीस्ट दुप्पट घातले, तर तो आधी वर आला आणि भाजताना मधोमध बसला, शिवाय घरभर आंबूस वास. शेवटच्यात मऊपणासाठी अर्धी वाटी दही घातले, तो वरून खरपूस आणि पोटात गिच्च निघाला. साहित्य दर वेळी चार कप पीठ, दीड कप पाणी, दोन चमचे साखर, दीड चमचा मीठ आणि दोन चमचे यीस्ट असे होते, म्हणजे पुस्तिकेतलेच.

चक्कीच्या पिठाचा ब्रेड या यंत्रात होतो का, आणि ज्यांचा होतो ते काय वेगळे करतात, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

भाकरीभक्त
माझ्या आईच्या भाकरीला प्लग लागत नाही आणि ती कधी बसतही नाही. एवढेच नोंदवून वाचायला बसतो.

काटेकोर
ओसरीताई, एक विनंती आहे. तुमच्या हातचे चार कप पीठ आणि दीड कप पाणी एकदा वजनकाट्यावर ठेवून आकडे इथे लिहा. चमच्यांचे नंतर पाहू. कप भरताना पीठ दाबले, डबा आपटला की एका कपामागे २० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि चार कपांत तो ब्रेडचा निकाल बदलून टाकतो.

जर्सीकर
मी न्यू जर्सीत बारा वर्षे यंत्राचा ब्रेड खातो आहे. यंत्र शेजारच्या गल्लीतल्या यार्ड सेलमध्ये दहा डॉलरला मिळाले होते. देणाऱ्या बाईंनी ते लग्नात भेट आल्यापासून दोनदाच वापरले होते. इथे ही यंत्रे अशीच घराघरांतल्या तळघरांत पडून असतात. मी पुस्तिकेबाहेर कधी गेलो नाही आणि माझा एकही ब्रेड फसलेला नाही, त्यामुळे या तक्रारींचे मला थोडे नवल वाटते. पाणी, तेल, मीठ, साखर, त्यावर पीठ आणि पिठात खळगा करून यीस्ट, एवढेच तर करायचे असते.

दुरडी
जर्सीकर, तुम्ही कोणते पीठ वापरता तेही सांगा.

जर्सीकर
दुकानात ब्रेड फ्लोअर म्हणून वेगळी पिशवी मिळते, ती. प्रथिने १२ ते १३ टक्के. तुमचा रोख समजला. बहिणीने असेच एक यंत्र इथून साताऱ्याला नेले होते. पहिल्या दिवशी तिने ते १२० व्होल्टचे यंत्र सरळ २३० व्होल्टच्या बटणाला जोडले, मग जो काही ब्रेड भाजला गेला तो सर्किटचाच. दुरुस्त करून, खाली ट्रान्सफॉर्मर लावून, माझ्याच कृतीने केला तरी तिचा ब्रेड माझ्यासारखा होत नाही असे ती म्हणते. आतापर्यंत मी दोष तिला देत होतो.

ओसरी
वजन केले. माझे चार कप पीठ ५६० ग्रॅम भरले, कारण मी डब्यातून कप दाबून काढते. दीड कप पाणी ३६० ग्रॅम.

एक मात्र सांगते, यंत्र मळत असताना मी झाकण उघडून पाहिले होते आणि गोळा अगदी छान दिसत होता. हाताला न चिकटणारा, गुळगुळीत, पोळ्या लाटायला घ्यावा असा.

काटेकोर
तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. तो पोळ्या लाटायचाच गोळा होता.

३६० ग्रॅम पाणी आणि ५६० ग्रॅम पीठ म्हणजे पिठाच्या साधारण ६४ टक्के पाणी. मैद्याला ते पुरते, म्हणून तुमचा पहिला ब्रेड जमला. चक्कीच्या पिठाचे तसे नाही. दगडात दळताना स्टार्चचे कण मैद्यापेक्षा जास्त दुखावले जातात आणि असे कण जास्त पाणी पितात. वर कोंडा असतो, तो पाणी सावकाश ओढत राहतो. सुरुवातीला बरोबर वाटलेली कणीक म्हणूनच अर्ध्या तासाने घट्ट झालेली असते. पोळीला हे चालते, कारण आपण तिला लाटण्याने पातळ करतो. ब्रेडला कोणी लाटत नाही. यीस्टने सोडलेल्या वायूने आतून ढकलून तो वर न्यायचा असतो, आणि घट्ट कणीक त्या वायूला जागाच देत नाही. तुम्ही यीस्ट दुप्पट केले तेव्हा वायू वाढला, कणीक तेवढीच ताठ राहिली, वेळेआधी ताणली गेली आणि भाजण्याच्या आतच दमली. दह्याने पाणी वाढले खरे, पण पीठही ५६० ग्रॅमच राहिले. एवढा मोठा, दमट गोळा त्याच वेळात पोटापर्यंत भाजला गेला नाही.

पुण्याच्या हवेत मला लागू पडलेले प्रमाण असे आहे. पीठ ३५० ग्रॅम, पाणी आधी २५० ग्रॅम आणि लागेल तसे आणखी चमच्या-चमच्याने, तेल १५, साखर किंवा गूळ १०, मीठ ६ आणि इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. यीस्ट आणि मीठ सोडून बाकीचे पाच मिनिटे मिसळू द्यावे, मग यंत्र बंद करून अर्धा तास तसेच ठेवावे, म्हणजे कोंडा पोटभर पाणी पिऊन मऊ होतो. मऊ न झालेला कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, ताणलेले पापुद्रे कापत जातो. त्यानंतर मीठ व यीस्ट घालून गव्हाच्या ब्रेडचा कार्यक्रम लावावा, मैद्याचा नव्हे.

मळणे सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला झाकण उघडून पाहणे हे सगळ्यांत महत्त्वाचे. गोळा झालेला असावा, पण भांड्याच्या तळाला थोडा चिकटत, थबकत फिरावा. बोट लावले तर बोटाला यावा. तुमच्या हाताला तो सैल वाटेल आणि मूठभर पीठ घालायचा मोह होईल, तो आवरा.

पिंपळपान
काटेकोर यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण सगळा भार पाण्यावर टाकणे मला पटत नाही. आपल्या गव्हाचे ग्लुटेन पोळीसाठी उत्तम आहे, ते सहज ताणले जाते, पण ताणलेले धरून ठेवण्याचा जोर त्यात कमी पडतो. मी ३५० ग्रॅम पिठात दोन मोठे चमचे गव्हाचे कोरडे ग्लुटेन घालते आणि ब्रेड दोन बोटे तरी उंच होतो. ते नको असेल तर तिसरा हिस्सा मैदा घालावा. तोही पाप नाही.

आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून कोणी खपलीचा ब्रेड करू नये. मी केला आहे. खपलीचे ग्लुटेन इतके अशक्त असते की सुरी लावल्यावर ब्रेडचे उपमा करण्याजोगे तुकडे झाले, आणि आम्ही उपमाच केला.

भाकरीभक्त
घरचा, शुद्ध, काहीही न घातलेला ब्रेड हवा म्हणून यंत्र आणायचे आणि मग त्यात पुडीतले ग्लुटेन घालायचे, हे मला समजले नाही.

पिंपळपान
पुडीत गव्हातलेच प्रथिन असते, स्टार्च धुऊन उरलेले. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिलात तर शेवटी हातात जो रबरासारखा चिवट गोळा उरतो, तोच वाळवून दळलेला. पाकिटातल्या ब्रेडवर ओसरी यांचा आक्षेप असेल तो वेगळ्या गोष्टींवर असावा. ब्रेडच्या पिठात घालत ते पोटॅशियम ब्रोमेट तर २०१६ साली आपल्याकडे बंदच झाले.

नागपुरी ऊन
सगळे पुण्याच्या हवेत बोलत आहेत. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात दुपारी ४० अंश असतात आणि तिथे पाण्याचे प्रमाण कितीही बरोबर असले तरी ब्रेड बसतो, कारण यंत्राला कणीक किती फुगली ते दिसत नाही. ते फक्त घड्याळ पाहते. पुस्तिका लिहिणाऱ्याने २०-२५ अंशांचे स्वयंपाकघर गृहीत धरून फुगण्याला सव्वा तास दिलेला असतो, आमच्याकडे ते काम अर्ध्या तासात उरकते आणि उरलेल्या वेळात कणीक झाकणाला टेकून खाली येते. त्यात काही यंत्रे सुरुवातीला अर्धा तास गप्प बसून सामान कोमट करतात. नागपुरात सामान कोमट करायला यंत्र लागत नाही.

माझा उपाय असा. एप्रिल ते जून पाणी फ्रिजमधले, शेवटचे तीन-चार चमचे बर्फाचे. पीठही रात्री फ्रिजमध्ये. यीस्ट एक तृतीयांशाने कमी. ब्रेड पहाटे पाचला लावायचा. टायमरवर रात्रभर ठेवत नाही, आणि दूध घालून तर मुळीच नाही, सकाळपर्यंत ते नासते. जानेवारीत हेच यंत्र, हेच पीठ आणि पुस्तिकेतले यीस्ट चालते.

दुरडी
घड्याळावरून एक जुनी गोष्ट आठवली आणि ती विषयाला धरूनच आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीत १९८५च्या सुमारास असे यंत्र करण्याची खटपट चालू होती, तेव्हा त्यांच्याही ब्रेडचे बाहेरचे कवच करपत होते आणि आतला भाग कच्चा राहत होता. यंत्राने मळलेली आणि बेकरीवाल्याने मळलेली कणीक त्यांनी क्ष-किरणांखालीही ताडून पाहिली, तरी उलगडा होईना. शेवटी इकुको तनाका नावाच्या त्यांच्या सॉफ्टवेअर करणाऱ्या बाई ओसाकामधल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला राहिल्या. तो कणीक नुसती मळत नाही, ताणता ताणता तिला पीळ देतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून भांड्याच्या आत उभ्या कडा बसवल्या गेल्या आणि १९८७ साली यंत्र बाजारात आले. इकुजिरो नोनाका यांनी ही हकिकत व्यवस्थापनाच्या अंगाने पुढे लिहिली आणि ती बरीच गाजली.

मला यातून असे दिसते की त्या बेकरचा हात यंत्रात उतरला, पण त्याचे पीठ उतरले नाही. ते ज्याचे त्याने घालायचे.

ओसरी
माझ्या भांड्यात एका बाजूला तशी उभी कड आहे. मी ती बनवतानाची खोट समजत होते.

पणजीकर
दोन्ही बाजूंचे वाचले आणि राहवले नाही. यंत्रातला ब्रेड कितीही फुगला तरी मला तो ब्रेड वाटत नाही, कारण त्याला कवच नसते. बंद पेटीत, पातळ भांड्यात, मंद आचेवर तो भाजला जातो आणि वाफ आतच कोंडते. आमच्याकडे सकाळी पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की गरम पोई हातात येते, वरून कोंडा लागलेली, आत पोकळ. जुन्या काळी पीठ फुगवायला माडाची सूर घालत, आता बहुतेक ठिकाणी यीस्टच असते, पण भट्टीची फरशी जे करते ते यंत्र करू शकत नाही.

तरीही माझ्या घरी यंत्र आहे आणि ते आठवड्यातून दोनदा चालते. मी त्याच्याकडून फक्त मळून आणि फुगवून घेतो. साधारण दीड तासाने गोळा काढून हाताने वळतो, टिनात ठेवून पुन्हा चढू देतो आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास भाजतो. खाली तव्यात उकळते पाणी ठेवतो. नागपूरकरांची घड्याळाची अडचणही यात सुटते, कारण दुसऱ्यांदा किती फुगू द्यायचे ते आपण डोळ्यांनी ठरवतो.

भाकरीभक्त
पोदेर दारात येत असताना यंत्र घेणारे गृहस्थ प्रथमच पाहिले. पाव खाल्ला म्हणून माणसे वाळीत टाकल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या, पोदेराला डावलले म्हणून गोव्यात काय करतात?

पणजीकर
संध्याकाळचा पोदेर पाचला येतो. भूक चारला लागते.

जर्सीकर
बटण दाबून झोपायचे आणि सकाळी वासाने जागे व्हायचे, हे या यंत्राचे सगळे सुख आहे. हाताने वळायचे, टिनात ठेवायचे, ओव्हन लावायचा, तर ते यंत्र कणीक मळणारे झाले. पणजीकर, तुम्ही गाडी घेऊन ती ढकलत नेता आहात.

मीटरकडे लक्ष
वीजबिलाची शंका कोणी काढली नाही म्हणून सांगतो. मी मधला मीटर लावून मोजले आहे. माझ्या यंत्राला एका ब्रेडमागे अर्ध्या युनिटच्या आतच वीज लागते, कारण ६०० वॅटची काडी शेवटचा तासभरच धडधडते. माझ्या घरच्या ओव्हनला आधी तापवण्यासकट याहून जास्त लागली.

खरा प्रश्न वीज जाण्याचा आहे. आमच्या गावी ती दोन तासांनी गेली आणि यंत्र पंधरा मिनिटांपलीकडचे काही लक्षात ठेवत नसल्याने परत आल्यावर पहिल्या पायरीवर उभे राहिले. तेव्हा कणीक तेल लावलेल्या डब्यात काढली, कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाशी मीठ पसरून वर जाळी ठेवली आणि मंद गॅसवर पाऊण तास भाजली. वरचा रंग फिका राहिला, पण पाव झाला.

हिरवा माड
रत्नागिरीहून. पावसाळ्यात आमच्याकडे घरच्या ब्रेडला तिसऱ्या दिवशी बुरशी येते, त्यामुळे तो मी गार झाल्यावर कापून सरळ फ्रीझरमध्ये टाकते आणि हव्या तेवढ्या फोडी तव्यावर गरम करते. फ्रिजच्या खालच्या खणात ठेवू नये. तिथे बुरशी उशिरा येते, पण स्टार्च लवकर ताठरतो आणि ब्रेड बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा लागतो.

एकदा ब्रेडचा आतला भाग ओलसर आणि चिकट झाला, तोडताना तार सुटू लागली आणि पिकलेल्या खरबुजासारखा वास आला. मी तो फळाचा वास समजून कौतुक करणार होते. दमट उकाड्यात पिठातलेच जिवाणू भाजण्यातून वाचतात आणि असे करतात. तो ब्रेड टाकून द्यावा, भांडे व्हिनेगरने पुसावे आणि पुढच्या कणकेत चमचाभर व्हिनेगर घालावे.

सांजवात
माझ्या मुलाला सीलिअॅक आहे, त्याला गहू वर्ज्य आहे, म्हणून ज्वारीचे पीठ, तांदळाचे पीठ आणि थोडा साबुदाण्याचा स्टार्च घेऊन, ते बांधून ठेवायला इसबगोल घालून मी यंत्रात ब्रेड करते. ते पीठ मळायचे नसतेच, केकच्या मिश्रणाएवढे सैल असते. यंत्र त्याच्यासाठी वेगळेच ठेवावे लागते; ज्या भांड्यात गव्हाचे पीठ फिरले त्याच्या पात्याखाली कण राहतात. भाकरीभक्त, बघा, ज्वारी यंत्रातही गेली.

भाकरीभक्त
मी दोन मिनिटे उभा राहिलो.

ओसरी
दहा दिवसांनी परत येते आहे. मध्ये एक ब्रेड फसला, तो का ते कळले. मीठ टाकायचेच राहिले होते. मीठ नसले की यीस्टला आवर राहत नाही हे तेव्हा समजले.

काल सकाळी काटेकोर यांच्या प्रमाणाने केला. ३५० ग्रॅम पीठ, २५० ग्रॅम पाणी, अर्धा तास भिजवणे, सगळे तसेच. दहाव्या मिनिटाला झाकण उघडले तर गोळा अजून घट्ट होता, म्हणून तीन चमचे पाणी एकेक करून घातले. तिसऱ्या चमच्यानंतर तो चिखलासारखा भांड्याला लागू लागला आणि मला वाटले, गेले. पिठाच्या डब्यात हात गेलाही होता. चार मिनिटे ओट्याला टेकून नुसती बघत राहिले, तर तो हळूहळू एकत्र आला, कडांवरचे पीठ त्यानेच ओढून घेतले आणि तळाला चिकटून, सुटून, पुन्हा चिकटून फिरू लागला. चप-चप असा आवाज येत होता. आधीच्या तिन्ही वेळी तो आवाज नव्हता, तेव्हा नुसता गोळा आपटल्याचा धप-धप होता.

वर आला, बसला नाही. दीड तास जाळीवर ठेवून मग कापला. मैद्याच्या ब्रेडइतका उंच नाही, पण जाळी सारखी पडली आहे आणि फोड दुमडली तर तुटत नाही. सासऱ्यांनी चहात बुडवून खाल्ला, काही बोलले नाहीत, दुसरी फोड मागितली.

एकच तक्रार आहे. पाते ब्रेडच्या पोटात अडकून बाहेर येते आणि ते उकरून काढताना खालच्या दोन फोडी वाया जातात. याला काही उपाय?

काटेकोर
शेवटचे मळणे संपले की, म्हणजे शेवटच्या फुगण्याआधी, हात पाण्याने ओला करून गोळा उचलावा, पाते काढून घ्यावे आणि गोळा पुन्हा भांड्यात ठेवून झाकण लावावे. मग फक्त आसाचे बोटभर भोक उरते. ते नेमके किती मिनिटांनी येते ते पुस्तिकेतल्या कोष्टकात असते. माझ्या यंत्रात गव्हाच्या कार्यक्रमात संपायला दोन तास उरले की.

ओसरी
माझ्या यंत्रात एक तास पंचावन्न मिनिटे उरल्यावर. कोष्टक मिळाले. परवा करते, उद्या एकादशी आहे.

भाकरीभक्त
काढलेले पाते कुठे ठेवलेत ते लिहून ठेवा. पुढचा धागा त्याचाच असेल.